निगा जाते कुठे? शिकारीच्या धनुष्याचा एक इतिहास



शिकारीसाठी कमी देखभालीचं कंपाउंड धनुष्य कसं निवडावं, हा आजचा विषय. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाने या विषयाला हात का घालावा, असं काहींना वाटेल. म्हणून एक खुलासा आधीच करतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती असावी याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. तेव्हा आपण जे बोलणार आहोत ते प्रामुख्याने उत्तर अमेरिकेबद्दल. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्याने शिकार कायदेशीर आहे. त्यासाठी परवाना लागतो, ठराविक हंगाम असतो, नियम असतात, आणि शरद ऋतू आला की लाखो माणसं धनुष्य घेऊन रानात जातात. त्यातला प्रत्येक नवखा माणूस दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारतो : ‘फार निगा लागणार नाही असं कोणतं?’

प्रश्न साधा आहे. पण त्या एका शब्दात, निगा या शब्दात, चार-पाचशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. एखाद्या वस्तूची निगा कमी झाली असं आपण म्हणतो, तेव्हा ती निगा खरोखर नाहीशी होते का? की ती दुसऱ्या कुणाकडे, दुसऱ्या कुठेतरी जाते? आणि शिकारीच्या बाबतीत त्याने काय फरक पडतो? आज आपण एवढंच बघू.

मराठीत धनुष्याला कमठा असा जुना शब्द आहे. तिरकमठा आपण आजही म्हणतो. हे दोन्ही शब्द आपण वापरू. धनुष्याच्या मधल्या भागाला मूठ म्हणू आणि वाकणाऱ्या दोन टोकांना भुजा.

आता जाऊ 1545 सालात. इंग्लंडमध्ये रॉजर अ‍ॅस्कम नावाच्या केंब्रिजच्या विद्वानाने ‘टॉक्सोफिलस’ नावाचं पुस्तक छापलं आणि राजा आठव्या हेन्रीला अर्पण केलं. हाच अ‍ॅस्कम पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. पुस्तक संवादरूपात आहे, म्हणजे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या ओळखीच्या घाटात : एक पुस्तकप्रेमी आणि एक धनुष्यप्रेमी बोलत बसले आहेत. त्यात नेमबाजीची थोरवी आहे, पण आपल्या कामाचा भाग तो, जिथे धनुष्याच्या निगेबद्दल बारीकसारीक सूचना येतात. लोकरीच्या कापडात गुंडाळून ठेवा. दमट हवेत मेण लावलेल्या लोकरी फडक्याने घासत राहा, म्हणजे लाकडात पाणी शिरणार नाही. लाकडाला कुठे बारीक दोष दिसतोय का, ते बघत राहा. ग्रीक-लॅटिनचा एवढा मोठा पंडित, पण फडकं कसलं असावं हे सांगताना त्याला कमीपणा वाटत नाही.

योगायोग बघा. त्याच 1545 सालच्या जुलै महिन्यात हेन्रीचं ‘मेरी रोझ’ नावाचं युद्धजहाज बुडालं. 1982 साली ते समुद्राच्या तळातून वर काढलं गेलं, आणि त्यातून यू लाकडाची शंभराहून अधिक लांब धनुष्यं मिळाली. त्यातली पुष्कळशी पेट्यांमध्ये नीट भरलेली होती. निगेच्या प्रश्नाला सैन्याने दिलेलं हे उत्तर : साठा ठेवा, एक मोडलं की पेटीतून दुसरं काढा. शिकाऱ्याकडे तशी पेटी नसते. त्याच्या हातात एकच धनुष्य असतं, आणि जे काही होणार ते त्या एका धनुष्यावर अवलंबून असतं. म्हणून शिकाऱ्याची निगा ही सैनिकाच्या निगेपेक्षा वेगळी गोष्ट आहे.

या वेगळेपणाची सगळ्यात सुंदर साक्ष कॅलिफोर्नियात मिळते. ऑगस्ट 1911 मध्ये ओरोव्हिल या गावाजवळ एक माणूस एकटाच, उपाशी, रानातून बाहेर आला. याही या आदिवासी समूहातला तो शेवटचा उरलेला माणूस मानला गेला. त्याची माणसं गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत आणि उपासमारीत संपली होती. त्याने आपलं नाव कुणाला सांगितलं नाही. त्याच्या भाषेत माणसाला जो शब्द होता, त्या ‘इशी’ या शब्दानेच त्याला ओळखलं जाऊ लागलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवण्यात आलं. ‘ठेवण्यात आलं’ हा शब्द माणसाबद्दल वापरताना जीभ अडखळते, पण घडलं तसंच. तिथे सॅक्स्टन पोप नावाचे एक शल्यविशारद त्याची तब्येत बघत. पोपने त्याच्याकडून धनुष्य बनवायला आणि चालवायला शिकून घेतलं.

इशीचा कमठा जुनिपरच्या लाकडाचा असे आणि त्याच्या पाठीवर प्राण्यांच्या स्नायूंचे तंतू चिकटवलेले असत. असं धनुष्य जोरदार, पण ओलाव्याला फार नाजूक. काम झालं की इशी लगेच दोरी उतरवून ठेवी. पोपने नोंदवून ठेवलंय की धनुष्य उभं करून ठेवणं त्याला पसंत नसे. ते आडवं निजवावं, कारण उभं ठेवलेलं धनुष्य काम करतच राहतं, त्याला घाम येतो, ते थकतं. आता याला आपण अंधश्रद्धा म्हणू शकतो. पण थोडं थांबून विचार केला तर लक्षात येतं, की लाकूड आणि स्नायू खरोखरच थकतात. सतत ताणाखाली राहिले तर आपला जोर गमावतात. इशीच्या बोलण्यात आणि पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात फरक आहे तो भाषेचा. इशी धनुष्याबद्दल बैलाबद्दल बोलावं तसं बोलतो. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या मानेवरचं जू उतरवतात, खांदे मळतात. दोरी उतरवण्यामागची भावना तीच.

1916 च्या मार्चमध्ये इशी क्षयाने वारला. 1923 साली पोपचं धनुष्याने शिकार करण्यावरचं पुस्तक आलं आणि अमेरिकेत या छंदाला नवं वळण लागलं. 1934 मध्ये विस्कॉन्सिन राज्याने धनुर्धरांसाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. मग इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. इथपर्यंत चित्र असं आहे : ज्याचं धनुष्य, त्याचीच निगा. रोजची, हाताने करायची, पण करता येण्याजोगी. मेण, फडकं, दोरा आणि एक चाकू एवढ्या सामग्रीत बहुतेक सगळं भागत असे.

पहिला मोठा बदल झाला दुसऱ्या महायुद्धानंतर. लाकडाच्या पातळ पट्टीला दोन्ही बाजूंनी काचतंतूंचे, म्हणजे फायबरग्लासचे थर चिकटवून भुजा बनू लागल्या. मिशिगनमधल्या ग्रेलिंग गावचे फ्रेड बेअर या कामातले बिनीचे कारागीर आणि कारखानदार. दोरी पूर्वी जवसाच्या धाग्याची असे, तिच्या जागी 1950 च्या दशकात डेक्रॉन हा कृत्रिम धागा आला. बाणासाठी अ‍ॅल्युमिनियमची नळी आली. एका पिढीत पाऊस, दमट हवा, लाकडाचा बाक हे सगळे जुने शत्रू निम्म्याहून अधिक निष्प्रभ झाले. ही खरीखुरी घट होती. त्या निगेची कुणालाच गरज उरली नाही. हे नोंदवून ठेवू, कारण यंत्र आलं की वाईटच होतं अशी मांडणी आम्हाला करायची नाही.

दुसरा बदल मात्र वेगळ्या जातीचा होता.

मिझुरी राज्यात होलेस विल्बर अ‍ॅलन नावाचे गृहस्थ राहत. हरणाच्या शिकारीचा नाद होता. त्यांची अडचण अशी सांगतात, की दोरी सुटल्याचा आवाज हरणाला बाण पोहोचण्याआधी ऐकू येई आणि ते खाली दबून उसळी मारी. बाण जोरात जायला हवा तर धनुष्य कडक हवं. धनुष्य कडक केलं तर ते ताणून धरता येत नाही. या कात्रीतून सुटण्यासाठी अ‍ॅलननी धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या बसवल्या. 1966 साली पेटंटसाठी अर्ज केला, डिसेंबर 1969 मध्ये पेटंट मिळालं. कॅलिफोर्नियातले धनुष्य बनवणारे टॉम जेनिंग्ज यांनी ते प्रथम परवाना घेऊन बाजारात आणलं. हेच कंपाउंड धनुष्य.

यातली युक्ती समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साधं धनुष्य जसजसं ओढत जावं तसतशी ओढ वाढत जाते. सगळ्यात जास्त जोर कुठे लागतो? अगदी शेवटी, म्हणजे नेमकं जिथे श्वास रोखून नेम धरायचा तिथेच. अ‍ॅलननी जी कप्पी बसवली तिचं आसाचं भोक मध्यावर नव्हतं, कडेला होतं. विहिरीवरची कप्पी सरळ फिरते, ही लंगडत फिरते म्हणा ना. त्यामुळे ओढ मधल्या टप्प्यात कमाल होते आणि शेवटाला येताना एकदम घसरते. इंग्रजीत याला लेट-ऑफ म्हणतात, आपण ‘सूट’ म्हणू. सुरुवातीच्या दशकांत ही सूट साधारण निम्मी असे. आज 80 टक्क्यांच्या आसपास सर्रास मिळते. म्हणजे 60 पौंडांचं धनुष्य, सुमारे 27 किलो ओढीचं, पूर्ण ताणल्यावर हाताला 12 पौंडच, साडेपाच किलोच जाणवतं. भुजांमध्ये साठलेली ऊर्जा मात्र तेवढीच पक्की.

याच्यावर वाद झाला नसता तरच नवल. सॅक्स्टन पोप आणि त्यांचे साथीदार आर्थर यंग यांच्या नावाने 1961 मध्ये स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब धनुष्याने केलेल्या शिकारींची नोंदवही ठेवतो. कितीतरी वर्षं 65 टक्क्यांहून जास्त सूट असलेल्या धनुष्याने केलेली शिकार त्या वहीत जात नसे. आकडा बदलला, प्रश्न राहिला : माणसाच्या वाट्याचं यंत्राने किती करावं?

पण आपला प्रश्न निगेचा. आणि इथे इतिहास थोडी गंमत करतो. पहिली कंपाउंड धनुष्यं निगेच्या दृष्टीने डोकेदुखीच होती. कप्प्या, आस, स्क्रू, पोलादी केबल, आणि वरची चाकं खालच्या चाकांशी जुळवत बसणं. दोन्हीकडची चाकं एकाच क्षणी फिरून पूर्ण व्हायला हवीत. एक पुढे, एक मागे झालं की बाणाचं शेपूट हेलकावतं आणि नेम जातो. डेक्रॉन आणि काचतंतूंनी जी मेहनत वाचवली होती, ती व्याजासकट परत आली.

तरी त्या जुन्या यंत्रात एक सोय होती, आणि ती आज फारशा कुणाला आठवत नाही. पोलादी केबलच्या टोकाला थेंबाच्या आकाराची कडी असे आणि दोरी त्या कडीत अडकवलेली असे. दोरी झिजली, तुटली, तर शिकारी ती स्वतः, घरच्या घरी, रानातसुद्धा बदलू शकत होता. पुढे पोलाद गेलं आणि केबलही दोरीच्याच मजबूत कृत्रिम धाग्यांची झाली. वजन घटलं, वेग वाढला, गंज गेला. पण आता दोरी किंवा केबल काढायची तर आधी भुजा यंत्राने दाबून धराव्या लागतात. त्या यंत्राला बो प्रेस म्हणतात. ते बहुतेकांच्या घरी नसतं, दुकानात असतं.

1992 साली मॅथ्यूज कंपनीच्या मॅट मॅकफर्सन यांनी एकाच कॅमचं धनुष्य आणलं. खाली कॅम, वर नुसतं गोल चाक. दोन कॅम जुळवायची कटकटच नको! जाहिरातीत हे खरंच होतं. पण दोरी एका टोकाकडून वळून परत येत असल्यामुळे तिची लांबी खूप वाढली, आणि दोरी जितकी लांब तितकं तिचं ताणलं जाणं जास्त जाणवतं. नंतर संकरित कॅम आले, मग बायनरी कॅम आले. त्यात दोन्ही कॅम केबलने एकमेकांनाच बांधलेले असतात, त्यामुळे एकाची चूक दुसरा आपोआप वाटून घेतो. दोऱ्याही आधीच ताणून, मुरवून मिळू लागल्या. प्रत्येक पायरीवर शिकाऱ्याचं काम कमी झालं आणि कारखान्याचं वाढलं.

अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठात आल्बर्ट बोर्गमन नावाचे तत्त्वज्ञ होते. 1984 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक भेद केला. शेकोटी आणि घर गरम करणारं आधुनिक यंत्र यांचं उदाहरण त्यांनी घेतलं. शेकोटीला लाकूड तोडावं लागतं, रचावं लागतं, जपावं लागतं, आणि त्या जपण्याभोवती घर उभं असतं. यंत्र ऊब देतं आणि बाकी सगळं नजरेआड करतं. आपण चूल आणि गॅस म्हणू. चुलीचा धूर ज्या माउलींनी सोसला त्यांना चुलीचं कौतुक सांगायला जाऊ नये, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. आमच्या घरातूनच ते ऐकावं लागेल. पण बोर्गमन यांचा मुद्दा शिल्लक राहतो : यंत्र मेहनत नजरेआड करतं, तेव्हा मेहनतीबरोबर आणखीही काही नजरेआड जातं.

कंपाउंड धनुष्यात नजरेआड जाते ती बिघाडाची चाहूल. लाकडी धनुष्य बिघडताना सांगून बिघडतं. कुरकुरतं, वाकडं होतं, बोटाला चीर लागते. अ‍ॅल्युमिनियमचा बाण वाकला तर सपाट टेबलावर फिरवून दिसतो. कार्बनचा बाण मात्र वरून सरळ दिसतो आणि आत तडा गेलेला असू शकतो. तो सोडताना फुटला तर धरणाऱ्या हाताला जबर इजा होते. म्हणून कार्बनचा प्रत्येक बाण सोडण्याआधी दोन्ही हातांनी हलका वाकवून बघायचा, कान द्यायचा, असा शहाण्या धनुर्धरांचा शिरस्ता आहे. काम छोटं आहे, पण कुठलाही कारखाना ते आपल्यासाठी करू शकत नाही.

मग निवड कशी करायची? एवढं ऐकल्यावर काही ठोस सांगितलं नाही तर तुम्ही म्हणाल, प्राध्यापकांनी नेहमीप्रमाणे प्रश्नाला प्रश्नाने उत्तर दिलं. तेव्हा सांगतो.

पहिली गोष्ट, धनुष्याआधी दुकान बघावं. ज्या बनावटीच्या सुट्या वस्तू आणि बो प्रेसवर काम करणारा जाणता माणूस आपल्या गावापासून तासाभरात आहे, ते धनुष्य कमी निगेचं. चारशे किलोमीटरवर दुरुस्ती असलेलं उत्तमातलं उत्तम धनुष्य जास्त निगेचं.

दुसरी, वेगाचा आकडा शेवटी वाचावा. वेगवान धनुष्याचा कॅम आक्रमक असतो, आणि दोरी ताणलेली नसताना मुठीपासून तिचं जे अंतर असतं, ब्रेस हाइट, ते कमी असतं. साधारण सहा इंच. सात इंचांच्या आसपासचं धनुष्य थोडं संथ, पण हातातून झालेली बारीक चूक ते पोटात घालतं. भुजांवर आणि दोरीवर ताणही तुलनेने कमी येतो.

तिसरी, ओढ. खुर्चीवर बसून, धनुष्य समोर सपाट धरून, आकाशाकडे न उचलता जे सरळ मागे ओढता येतं, तेवढीच ओढ आपली. दुकानात उभ्याने ओढलेलं सत्तर पौंडांचं धनुष्य, कडाक्याच्या थंडीत तीन तास झाडावरच्या मचाणावर बसल्यावर ओढता येत नाही. हरणासाठी अनेक राज्यांत किमान ओढ 40 पौंडांच्या आत-बाहेर ठरवलेली आहे. तिथून सत्तरपर्यंत जाण्याची सक्ती कुणी केलेली नाही. नाचता येईना अंगण वाकडे, असं व्हायला नको.

चौथी, सुटे भाग जितके कमी हलणारे तितके बरे. बाण टेकवायचा आधार दोन तऱ्हांचा मिळतो. एक दोरीने केबलला जोडलेला, बाण सुटताच खाली पडणारा. दुसरा ताठ केसांच्या ब्रशसारखा गोल, बाण चहूबाजूंनी धरून ठेवणारा. पहिला अधिक अचूक असू शकतो, पण त्याची दोरी सैल झाली की सगळंच बिघडतं. दुसऱ्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. केस झिजले की बदलायचे. नवख्याला दुसरा पुरतो. नेम धरायच्या खुणाही दोन-तीन स्थिर असाव्यात, फिरवायच्या नसाव्यात. बाणाचं पातंही उडताना मिटलेलं आणि लागल्यावर उघडणारं असण्यापेक्षा स्थिर धारेचं असावं.

आणि पाचवी, उरलेली निगा मनापासून स्वीकारावी. ती फार नाही. दोरीला मेण, तेही धागे उसवल्यासारखे दिसू लागण्याआधी. बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. बाणाने न्यायची ऊर्जा मग भुजांमध्ये आणि कॅममध्ये शिरते आणि त्यांचे तुकडे करू शकते. उन्हाळ्यात बंद गाडीत धनुष्य ठेवायचं नाही. भुजांवरून कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे तंतू अडकतो तिथे तडा असतो. दोरी आणि केबल साधारण दोन-तीन वर्षांनी दुकानातून बदलून घ्यायच्या, वापर जास्त असेल तर त्याआधी. आणि दोरीतलं नेम धरायचं छिद्र डोळ्यासमोर तिरपं येऊ लागलं, तर समजायचं की दोरी ताणली गेलीय. आधुनिक धनुष्य देतं ती चाहूल एवढीच; ती ऐकली पाहिजे.

आता या सगळ्यामागे काय पणाला लागलंय, ते बघू. अ‍ॅलन यांच्या अडचणीकडे परत जाऊ आणि थोडं गणित करू.

हरीण 18 मीटरवर आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात हरणापर्यंत पोहोचतो. जुन्या धनुष्याचा बाण सेकंदाला 55 मीटरच्या आसपास गेला तर त्याला 0.33 सेकंद लागतात. हरणाला मिळतात 0.27 सेकंद. आजच्या कंपाउंडचा बाण 85 मीटरने गेला तर 0.21 सेकंद लागतात, हरणाला मिळतात 0.16. म्हणजे अ‍ॅलननी हरणाचा वेळ बराच कमी केला. शाबास! पण आता शिकाऱ्याला वाटतं, एवढं चांगलं धनुष्य आहे, 36 मीटरवरून का मारू नये? तिथे तोच वेगवान बाण 0.42 सेकंद घेतो, आवाज 0.11 घेतो, आणि हरणाला मिळतात 0.31 सेकंद. जुन्या धनुष्याने जवळून मारताना मिळत होते त्याहूनही जास्त! यंत्राने जे कमावलं ते मोहाने खर्च केलं.

आणि तेवढ्या वेळात हरीण जागचं हललं तर काय होतं? बाण फुप्फुसात न लागता पोटात लागतो किंवा मांडीत लागतो. धनुष्याचा बाण धक्क्याने मारत नाही, धारेने कापून, रक्तस्रावाने मारतो. जागा चुकली की ते जनावर तासन्‌तास, कधी दिवसभर, झुडपात पडून राहतं आणि शिकाऱ्याला सापडतही नाही. निगेचा खरा अर्थ इथे आहे. सैल झालेल्या दोरीची किंमत दोरीचा मालक भरत नाही. ती भरतो तो मुका जीव.

अल्डो लिओपोल्ड हे नाव पर्यावरणाच्या अभ्यासकांना माहीत आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात ते प्राध्यापक होते, स्वतः धनुष्य बनवत, स्वतः शिकार करत. 1948 मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे त्यांचं पुस्तक आलं. खेळसाहित्याच्या दुकानदारांनी शिकारीत जी उपकरणांची खोगीरभरती चालवली होती, तिच्यावर त्यांनी त्या काळीच टीका केली होती. त्यांचं दुसरं निरीक्षण आणखी मोलाचं. मैदानावरच्या खेळाडूला बघणारे लोक असतात, पंच असतो. शिकारी रानात एकटा असतो. त्याने बाण सोडावा की सोडू नये, हे फक्त त्याच्या मनाला विचारायचं असतं. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही कांट शिकवला, गीतेतला कर्मयोग शिकवला. पण कुणी बघत नसताना माणूस कसा वागतो याचं एवढं नेमकं उदाहरण क्वचितच सापडेल.

ज्या निगा दुसऱ्याकडे सोपवता येतात त्या खुशाल सोपवाव्यात. कारखान्याने दोरी मुरवून द्यावी, दुकानाने कॅम जुळवावेत. दोन निगा मात्र सोपवता येत नाहीत : आपल्या हाताची आणि आपल्या संयमाची. कमी देखभालीचं धनुष्य घेण्याचं समर्थन करायचं तर ते एकाच कारणाने करता येईल, असं आम्हाला वाटतं. जी संध्याकाळ स्क्रू पिळण्यात गेली असती ती सरावात जावी; आणि सरावातून हे कळावं की आपल्याला नेमकं किती अंतरापर्यंत बाण सोडण्याचा अधिकार आहे. कुणाचा तो वीस मीटरपर्यंत असेल, कुणाचा तीस. तो आकडा धनुष्याच्या खोक्यावर छापलेला नसतो.

जाता जाता घरची एक गोष्ट. अ‍ॅलननी हरणासाठी शोधलेलं हे यंत्र आपल्या मातीत फार वेगळ्या कामासाठी रुजलं. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धा झाली. त्यात कंपाउंड प्रकारात महिलांचं वैयक्तिक सुवर्ण साताऱ्याच्या अदिती स्वामीने जिंकलं, वय वर्षं 17. आणि पुरुषांचं सुवर्ण नागपूरच्या ओजस देवतळेने. समोर हरीण नाही, पन्नास मीटरवर रंगीत कागद आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही येते आहे. या मुलामुलींच्या धनुष्यात सूट आहे, कॅम आहेत, आणि उत्तमातल्या उत्तम दोऱ्या आहेत. तरी दिवसाला शेकडो बाण सोडण्याचा सराव त्यांना चुकत नाही. यंत्राने हाताचा भार हलका केला. हात तयार करण्याचं काम त्यांचं त्यांनाच करावं लागलं.

तेव्हा परदेशात राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांपैकी कुणी उद्या अशा दुकानात गेलंच, आणि ‘फार निगा लागणार नाही असं कोणतं?’ असं विचारायची वेळ आली, तर दुकानदाराला त्याच्या पुढचा प्रश्नही विचारा : याची निगा मी नाही, तर कोण घेणार, आणि माझ्या वाट्याला काय उरणार? चांगला दुकानदार दोन्ही गोष्टी सांगेल. जो दुसरी सांगणार नाही, त्याच्याकडून धनुष्य घेऊ नये.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.